उन्हात बघायचे डोळे

दादा, तू गेल्यापासून मी रोज सकाळी आरसा घेऊन अंगणात जाते. बल्बच्या उजेडात कावीळ दिसत नाही, बल्ब स्वतःच पिवळा असतो, डोळे बघायचे तर उन्हातच बघायचे, हे तूच शिकवलंस. आधी माझे बघते, मग लेकीचे, प्रज्ञाचे. तिला हा नवा खेळ वाटतो. ती डोळे वटारते, जीभ काढते आणि म्हणते, "आता मामासारखं सांग, पांढरेफेक." मी सांगते, पांढरेफेक. सांगताना माझी खात्री नसते. डोळा किती पांढरा असला म्हणजे पांढरा म्हणायचा, ते तुला विचारायचं राहून गेलं.

पोस्टात काउंटरवर बसले की लोक तिकिटं मागतात आणि मी त्यांचे डोळे बघत बसते. परवा मनिऑर्डरच्या चौकशीला आलेल्या म्हातारीनं विचारलंच, "काय बघायलीस बाई, वळख हाय का काही?" मी ओशाळले. साऱ्या पूर्णा गावात मला आता माणसं दिसत नाहीत, डोळे दिसतात. तू असतास तर हसला असतास आणि म्हणाला असतास, सुमे, तुला चष्मा नको, टाळं पाहिजे, डोक्याला लावायला.

तुझ्या जलदान विधीला माणसं मावत नव्हती. मानवतहून तुझ्या शाळेतली पोरं आली होती. भंतेजी बोलत असताना मागे बसलेल्या दोघींचं मी ऐकलं. "बापाच्याच वळणावर गेलं की पोरगं. पोट तसंच फुगलं व्हतं म्हणं." म्हणजे दारू. आपला बा जन्मभर रेल्वेच्या गँगमध्ये रूळ ठोकत राहिला, दीक्षा घेतल्यापासून त्यानं थेंबाला हात लावला नाही, तरी तो गेला तेव्हा सगळ्यांनी दारूच धरली. पोट फुगून मेला म्हणजे प्यायला, एवढं सोपं गणित. तू विज्ञानाकडे वळलास त्याचं मूळ तिथंच असणार. तू कधी बोलला नाहीस. मी उठून त्या दोघींना काही सुनावणार होते. पण मायनं माझा हात धरून खाली बसवलं.

खरं सांगू का, राग फार टिकला नाही. त्याखाली भीतीच होती. बा, मग तू. आता घरात उरलो कोण कोण, हे मी तिथं बसल्या बसल्या मोजत होते.

भीतीबद्दल तू मला एक सांगितलं होतंस. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात खेड्याखेड्यात आपल्या लोकांची घरं जळाली. मामाचं सगळं खटलं बोचकी घेऊन पूर्णेच्या फलाटावर उतरलं तेव्हा भर दुपार होती. मामीच्या लुगड्याला धुराचा वास येत होता. मी शाळकरी पोर. माझे पाय असे थरथरायला लागले की मला वाटलं गाडी येतेय म्हणून फलाट हलतोय. पुढे तू कॉलेजात गेल्यावर एकदा सहज म्हणालास, "माणूस भ्याला की यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. पळायला ताकद पायजे म्हणून. त्या दिवशी तुझे पाय पळायला तयार झाले व्हते, तू त्यांना उभं करून ठेवलंस." मी म्हणाले, पळून जायचं कुठं होतं? तू म्हणालास, "ते यकृताला म्हाईत नसतं. ते आपलं काम करतं."

यकृतावर तुझा भारी जीव. दहावीच्या पुस्तकात त्याच्यावर पान-दीड पान, पण तू ते आठवडाभर शिकवायचास. पित्त बनवतं, साखर साठवतं, विष निकामी करतं, रक्तातली प्रथिनं तयार करतं, आणि एवढं करून दुखत नाही, कुरकुरत नाही, म्हणून कुणी विचारत नाही. "मायसारखं," असं तू वर्गात म्हणायचास, हे मला तुझ्या पोरांकडून कळलं.

बकऱ्याच्या कलेजीचा तो प्रकार आठवतो ना? जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड कलेजीच्या ताज्या तुकड्यावर ओतलं की दुधासारखा फेस उसळतो. उकडलेल्या तुकड्यावर ओतलं तर काही नाही. जिवंत प्रथिन आणि मेलेलं प्रथिन, पोरांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे, असा तुझा हट्ट. शाळेत मटण आणलं म्हणून गावातले चौघे मुख्याध्यापकांकडे गेले. मटणापेक्षा ते कुणाच्या हातून आलं हा मुद्दा होता, हे सगळ्यांना कळत होतं, आणि कुणी बोलत नव्हतं. मुख्याध्यापक तुला म्हणाले, "सर, फळ्यावर काढून दाखवा की. फेस काय, खडूनं पण निघतो." तू दुसऱ्या दिवशी शाळेच्या कुंपणाबाहेर, लिंबाखाली, मधल्या सुट्टीत प्रयोग केलास. सगळी शाळा कुंपणाच्या आतून बघत होती. मला ते ऐकून धाकधूक झाली होती, आणि मी तुला नाही नाही ते बोलले. नोकरी जाईल, कुणी मारेल. तू म्हणालास, "फेस लय आला गं." बस, एवढंच.

आणि काविळीची माळ. पाथरीकडच्या एका खेड्यात माळ देणारा बसतो, कुठल्याशा मुळीच्या काड्या दोऱ्यात गुंफून देतो. आज डोक्यावर बसणारी माळ उद्या गळ्यात येते, मग छातीवर, मग पोटावर, आणि लोक म्हणतात कावीळ उतरली. तू एक माळ आणून शाळेतल्या पृथ्वीच्या गोलाला घातलीस. काड्या वाळल्या, बारीक झाल्या, गाठी सैल पडल्या, माळ लांबत लांबत विषुववृत्त ओलांडून खाली स्टँडवर आली. "पृथ्वीची कावीळ उतरली," असं तू पोरांना सांगितलंस. मानवतच्या बाजारात लोक ते सांगून हसायचे.

म्हणून तू आजारी पडल्यावर मानवतच्या तुझ्या घरी मायनं तुझ्यासाठी माळ आणली तेव्हा मी हसायची तयारी करून दारात उभी होते. तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. घरातली हळद मायनं आधीच बंद केली होती, वरण पांढरं, भाजी पांढरी. तिनं माळ पुढे केली. तू मान पुढे केलीस. दादा, मी भ्याले ती तेव्हा. डोळ्यांचा पिवळेपणा मी सोसला असता, पण तू गप्प मान वाकवलीस ते मला सोसलं नाही.

मग तुम्हा दोघांना मी पूर्णेला आणलं, नांदेडचा दवाखाना इथून जवळ म्हणून. आणि तुझे पाय भरायला लागले. काड्या झालेल्या पिंढऱ्या गोल दिसायला लागल्या, घोटे बुजले. माय हरखली. वरणात तेल नको, भाकरीत मीठ नको करत तिनं जो जीव पाखडला होता त्याचं चीज झालं, असं तिला वाटलं. दारावरनं जाणाऱ्या प्रत्येकीला ती सांगायची, "अंगावर मांस यायलंय बघा माझ्या लेकराच्या." शेजारणी येऊन तुझे पाय बघून जायच्या आणि होय म्हणायच्या. आपल्याकडं पाय भरला म्हणजे जीव भरला. मायनं मीठ-मिरच्या ओवाळून तुझी दृष्ट काढली आणि तू लहान पोरासारखा बसून राहिलास.

ती आत गेली तसं तू मला जवळ बोलावलंस आणि नडगीवर अंगठा दाबलास. उचललास. खड्डा तसाच राहिला. आपण दोघं तो भरून यायची वाट बघत बसलो. "अल्ब्युमिन," तू हळू आवाजात म्हणालास, वर्गात म्हणायचास तसंच. रक्तातलं पाणी रक्तात धरून ठेवायचं काम ह्या प्रथिनाचं. यकृत ते बनवेनासं झालं की पाणी शिरांतून बाहेर झिरपतं आणि खाली उतरतं, पायात, मग पोटात. "मांस न्हाई गं हे. पाणी हाय. मायला बोलू नकोस." आणि तू लुंगी घोट्यापर्यंत ओढून घेतलीस. त्यानंतर माय कुणाला घेऊन आली की तू आधी लुंगी सारखी करायचास.

तू मला सांगायला नको होतंस, असं मला कितीदा वाटलं. मायसारखं मलाही मांस दिसलं असतं.

नांदेडला तुला रक्तातला तो पिवळसर पाण्यासारखा भाग, प्लाझ्मा, चढवायचा ठरला. रक्त गोठवणारी प्रथिनंही यकृतच करतं, तुझं यकृत ती करत नव्हतं, मग दुसऱ्याच्या यकृतानं केलेली उसनी घ्यायची. मी हात पुढे केला. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही सख्ख्या बहीण का? मग तपासल्याशिवाय तुमचं घेता येणार नाही." मला वाटलं अशक्त दिसते म्हणून. त्यांनी मला बाजूला घेतलं. तुझ्या रक्तात काविळीचा जो विषाणू निघाला तो वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. पुष्कळदा जन्मताना आईकडून लेकराला येतो, नवरा-बायकोतही एकाचा दुसऱ्याला लागतो. वडीलही असेच गेले म्हणता, तर घरातल्या सगळ्यांचं रक्त बघा, तुमच्या मुलीचंही. ते साध्या आवाजात बोलत होते आणि माझे पाय फलाटावरच्यासारखे थरथरत होते.

रक्त कुणी दिलं माहीत आहे? तुझ्या शाळेतून तिघे आले होते, त्यात तेच मुख्याध्यापक. खाटेशेजारी बसून बाही खाली करत तुला म्हणाले, "सर, रजेचा अर्ज आलेला नाही अजून." तू म्हणालास, "सर, खडूनं लिहून देऊ का?" दोघंही हसलात. मी बाहेर जाऊन रडले.

घरी आणल्यावर आपलं जे भांडण झालं ते मिटलं नाही. माय नळावर गेली होती. तू म्हणालास, "तुझं रक्त तपासून घे. प्रज्ञाचं बी. तिला नसंल तर लस मिळते, महाग हाय, पण मिळते. लस टोचली की रक्तात लढणारी प्रथिनं तयार व्हतात. ती यकृत करत न्हाई, दुसऱ्याच पेशी करतात."

"म्हणजे आपल्या खानदानाच्या यकृतावर भरवसा नको," मी म्हणाले.

"बरोबर. पण मायला ह्यातलं काही कळू देऊ नको. आईकडून येतं म्हणल्यावर ती दोन माणसं आपल्या हातानं मारली असं धरून बसंल."

"मग तपासायचंच कशाला? तपासलं की कळणार. आणि मला निघालं तर इलाज हाय का? न्हाई ना? मग मला न्हाई जाणून घ्यायचं."

"तुझं जाऊ दे. पोरीचं काय?"

"तिला काही न्हाई झालं," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला. माय कळशी घेऊन आली आणि तू विषय बदललास, नामांतर होणार का नाही यावर आणलास. मी म्हणाले ह्या जन्मात न्हाई. तू म्हणालास, बघ, होईल. तेवढं एक भांडण आपण मायसमोर करू शकत होतो.

नंतर तू भांडण्यासारखा राहिलाच नाहीस. मायला तुला अंडी खाऊ घालायची होती. डॉक्टरांनी अंडं, डाळ, मटण सगळं तोडलं होतं. प्रथिन पोटात गेलं की त्याचा अमोनिया होतो, चांगलं यकृत त्याचा युरिया करून लघवीतून घालवतं, तुझं करत नव्हतं, म्हणून तो अमोनिया डोक्यात चढायचा. खाल्लं तर डोकं जातं, न खाल्लं तर पाय सुजतात. तू हे मला समजावून सांगितलंस तेव्हा शेवटी म्हणालास, "पेपर अवघड काढलाय गं." डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज पाच टोकांची चांदणी काढायला लावा, हात आणि डोकं कसं चाललंय ते कळतं. आपण प्रज्ञाची पाटी घेतली. ती एक काढायची, तू एक काढायचास. फळ्यावर एका दमात माणसाच्या आतड्यांचं वेटोळं काढणारा तू. पहिल्यांदा तुझी चांदणी नीट आली. मग एक टोक उघडं राहायला लागलं. मग एके दिवशी तुझा हात पाखराच्या पंखासारखा फडफडला आणि पाटीवर नुसत्या रेघा पडल्या. प्रज्ञा खुदकन हसली. "मामा, मुद्दाम करायलास का? हे बघ, अशी." तिनं तुझा हात धरून काढून घेतली. तू तिच्याकडे बघून म्हणालास, "हजर, बाई." मी पाटी पुसायला घेतली आणि पुसतच राहिले.

शेवटी दवाखान्यात सुई काढल्यावर तुझ्या कोपरातून रक्त थांबेना. माय कापसावर अंगठा दाबून बसली होती. जरा वेळानं ती विचारायची, "थांबलं का गं?" मी कापूस उचलून बघायची आणि म्हणायची, "थांबायलंय." कापूस बदलायचा, परत दाबायचा. "थांबलं का?" "थांबायलंय, माय." पुढचं मी लिहीत नाही. तुला माहीत आहे, मला माहीत आहे.

आता एकटी असले की मनात येतं, तुला कधीपासून माहीत होतं? लग्नाचं काढलं की तू हसण्यावारी न्यायचास. आलेली चांगली स्थळं परत पाठवलीस. आधीच कुठे रक्त तपासलं होतंस का? कुणाच्या लेकीला आणि होणाऱ्या लेकराला हे नको म्हणून एकटा राहिलास का? की नुसता तुझा विक्षिप्तपणा? हे मी तुला विचारू शकले असते. भीतीनंच विचारलं नाही.

तू गेलास आणि थोड्याच दिवसांत विद्यापीठाचं नाव बदलल्याचं रेडिओनं सांगितलं. भांडण तू जिंकलास. गल्लीत निळा गुलाल उधळला, कुणी पेढे आणून दिले, माय पेढा हातात धरून बसली. मी आनंदात जायला उठले आणि माझे पाय थरथरायला लागले. आता पुन्हा कुठे काय जळेल, हा एकच विचार. दादा, चांगल्या बातमीलाही मी भिते, इतकी भीती माझ्यात मुरली आहे. मी उंबऱ्याला धरून उभी राहिले आणि तुझी साखर आठवली. यकृतानं ती सोडली आहे, पाय तयार आहेत, आणि मी इतक्या वर्षांसारखी त्यांना उभं करून ठेवलं आहे. प्रज्ञा पेढा खात माझ्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे उन्हात होते.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन नांदेडला निघाले. मायला सांगितलं, पोरीला जंत झालेत, दाखवून आणते. ती म्हणाली, "मीबी येते. सुई टोचली तर रडल ती." जंताला सुई कशाला, हे माझ्या ध्यानात आलं नाही. आगगाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली.

रक्त काढणाऱ्यानं माझं काढलं. काचेच्या नळीत माझं रक्त लाल, दाट. मी तिथून हललेच नाही. ते गोठायला लागलं आणि वर थोडं पिवळसर पाणी सुटायला लागलं, तसं मी श्वास सोडला. गोठण्यावरून विषाणूचं काही कळत नाही, हे मला समजतं. तरी बघून बरं वाटलं.

"आता माझं काढा," माय म्हणाली. तिनं पोलक्याची बाही वर सारली होती.

"माय, तुझं कशाला? डॉक्टरांनी आमचं सांगितलंय."

"का? मी काय घरची न्हाई?"

मायला कळू देऊ नको, हे तुझं बोलणं माझ्या कानात होतं. मी म्हणाले, तुझी तबियत चांगली आहे, उगी सुई कशाला. तिनं मला बोलू दिलं आणि मग म्हणाली, "तुझ्या बाच्या पायाला बी असाच खड्डा पडायचा. शेवटाला मी रोज तेल चोळत व्हते. मला दिसत नव्हतं व्हय?"

"मग मांस यायलंय म्हणून गल्लीभर का सांगत होतीस?"

"त्यो ऐकायलाय म्हणून."

दादा, तू लुंगी ओढत होतास तिच्यासाठी, आणि ती मांस मांस म्हणत होती तुझ्यासाठी. आणि मी मधे बसून दोघांना भीत होते.

"डॉक्टर तुला बाजूला घेऊन बोलला तवाच मी समजले, घरातलंच काही हाय," ती म्हणाली. "माझ्यातून गेलं असंल तर गेलं असंल. मी काय मुद्दाम दिलं? पण मला कळलं पायजे." तिनं हात टेबलावर ठेवला. सुई शिरताना ती माझ्याकडे बघत होती.

मग प्रज्ञा. ती रडली नाही, तिनं डोळे गच्च मिटून घेतले. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात येईल. हे लिहिताना मला भीती वाटतेय, तुला खोटं कशाला सांगू. उद्याही मी आरसा घेऊन अंगणात जाईन.

सुई निघाल्यावर मायनं पोरीच्या कोपरावर कापूस ठेवला आणि अंगठ्यानं दाबून धरला, तुझा धरला होता तसाच. जरा वेळानं तिनं विचारलं, "थांबलं का गं?"

मी कापूस उचलून बघितलं.

"थांबलं, माय."